पतंगी कागद, मोरचूद आणि नाताळ

मोरचूद घातलेली खळ थंड झाली की किंचित निळसर दिसते. डिसेंबर लागला की आमच्या वसईच्या घरी मागच्या पडवीत, तीन विटांच्या चुलीवर ती शिजायची. मैदा, पाणी, गुठळ्या होऊ नयेत म्हणून सतत ढवळणं आणि उतरवताना चिमूटभर मोरचुदाची पूड. ती पूड घालायची राहिली तर झुरळं सहा जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत सगळा स्टार, म्हणजे नाताळचा कागदी चांदणीचा कंदील, फस्त करतात. मोरचूद विषारी, त्यामुळे खळीचं पातेलं वेगळं, काठाला चेपलेलं, आणि ते उचलायची मुभा फक्त आजीला. बाकीच्यांनी बोटाने खळ घ्यायची आणि जेवायच्या आधी हात दोनदा धुवायचे.

खळ आजीची, पण स्टारचा सांगाडा बाबांचा. बांबू बुरुडाकडून यायचा. दिवाळीत त्याच्याकडे आकाशकंदिलाच्या कामट्यांसाठी झुंबड असायची. ती ओसरली की बाबा सायकलवरून जायचे आणि उरलेल्यातल्या सरळ, बिनगाठीच्या कामट्या निवडून आणायचे. दिवाळीनंतर बुरूड भाव कमी लावतो हेही त्यात होतंच. पाच लांब कामट्यांची एक चांदणी, तशा दोन. दोन्ही एकीवर एक ठेवून पाचही टोकं सुतळीने आवळायची. मग मधे जिथे कामट्या एकमेकींना छेदतात, त्या पाच जागी बोटभर लांबीचे तुकडे उभे अडकवायचे. तिसरा तुकडा बसेपर्यंत काहीच घडत नाही. चौथ्याला सांगाडा कुरकुरतो. पाचवा आत जाताना सपाट चांदणी एकदम पोट फुगवते आणि तिचा स्टार होतो. हा पाचवा तुकडा कोण बसवणार यावरून आम्हा भावंडांत दरवर्षी मारामारी.

बाबा शाळेत गणित शिकवायचे, त्यामुळे या आनंदातही अभ्यास सुटायचा नाही. कोनमापक घेऊन टोकाचा कोन मोजायला लावायचे. ३६ अंश यायला हवा. चाळीसच्या पुढे गेला की सुतळी सोडून पुन्हा बांधा. तेव्हा चीड यायची. पुढे कधीतरी वाचलं की जर्मनीत नीस्की नावाच्या गावात मोरावियन या ख्रिस्ती पंथाची एक शाळा होती, तिथे १८३० च्या दशकात भूमिती शिकवताना मुलांकडून कागदाचे टोकदार तारे करून घेत. मुलांनी ते घरी नेले, आयांनी खिडकीत टांगले आणि त्यातूनच, हेर्नहुट या त्याच पंथाच्या गावाच्या नावाने ओळखला जाणारा तारा जगभर गेला. म्हणजे नाताळच्या सुट्टीच्या तोंडावर मुलांना कोन मोजायला बसवणारे माझे बाबा पहिले नव्हते. हे त्यांना सांगितलं तेव्हा ते एवढे खूश झाले की पुढच्या रविवारी चर्चबाहेर भेटेल त्याला नीस्कीची गोष्ट ऐकवत होते.

कागद पतंगाचा. लाल, पिवळा, हिरवा आणि तो एक गुलाबी, जो दुकानात गडद दिसतो पण आत दिवा लागला की पार उडतो. कागद ताणून चिकटवायला दोघं लागतात. एकाने धरायचा, दुसऱ्याने कडेची घडी कामटीवरून आत वळवायची. आत झिरोचा बल्ब. एका काकांनी हौसेने साठचा लावला आणि रात्रीतून कागद करपून तपकिरी झाला, ही गोष्ट दर नाताळला निघते. समुद्राचं वारं आणि पहाटेचं दव यांत पतंगी कागद फार तग धरत नाही. सणापर्यंत टोकं फाटलेली, सणानंतर नुसता सांगाडा. तो पुसून माळ्यावर जायचा आणि पुढच्या डिसेंबरात नवा कागद अंगावर घेऊन खाली यायचा. हा सांगाडा बाबांच्या लग्नाच्या वर्षीचा, असं घरात अभिमानाने सांगितलं जातं. त्यातल्या निम्म्याअधिक कामट्या नंतर बदलल्या आहेत, याचा उच्चार कोणी करत नाही.

बदललेली कामटी ओळखायची खूण मात्र आहे. बाबांची गाठ नेहमी आतल्या बाजूला आणि सुतळीचं टोक खोचलेलं. काका गाठ बाहेर ठेवतात आणि टोक तसंच लोंबतं. माझ्या भावाने एकदा सुतळी संपली म्हणून तांब्याच्या तारेने बांधलं, ती तार हिरवी पडून अजून तिथे आहे. बाबा गेल्यावरच्या पहिल्या नाताळात सांगाडा खाली काढला तेव्हा आईने कागद आणायला पाठवण्याआधी एकेक टोक चाचपून पाहिलं. आत खोचलेल्या गाठी दोन उरल्या होत्या. त्यांना हात लावायचा नाही, असा फतवा तेव्हापासून आहे.

स्टारला खालच्या दोन टोकांना कागदी झिरमिळ्यांच्या शेपट्याही आहेत. त्या आमच्या नव्हेत. माझी मावशी कुवेतला इस्पितळात नर्स होती. तिच्याबरोबरच्या फिलिपिनो नर्सेस डिसेंबरात होस्टेलच्या खोलीत पारोल, म्हणजे त्यांच्याकडचा नाताळचा स्टार, करत बसायच्या. बांबू, तलम कागद, पाच टोकं, मधले पाच तुकडे, सगळं जसंच्या तसं. मावशी पहिल्यांदा बघत राहिली, मग पदर खोचून त्यांच्यात जाऊन बसली. भाषा दोन्हीकडून तुटकीच होती, पण पाचवा तुकडा बसवायची वेळ आली तेव्हा तो त्यांनी तिच्या हातात दिला, हे ती आजही सांगते. त्यांच्या स्टारला शेपट्या असत. सुट्टीवर आली तेव्हा तिने आमच्याही स्टारला त्या लावल्या. आजीला पटलं नाही. पण मावशी परत गेल्यावर पुढच्या वर्षी शेपट्या आजीनेच कापल्या.

इथे थोडं स्पष्ट बोलते. हल्ली प्रदर्शनांत, मॉलमध्ये ‘हस्तनिर्मित’ अशी चिठ्ठी लावलेल्या नाताळच्या सजावटीच्या वस्तू चढ्या भावाने मिळतात आणि त्या बघून हळवं व्हायची पद्धत पडली आहे. आमच्याकडे सगळं हातानेच व्हायचं, कारण विकत घ्यायला पैसे नव्हते. कलेची हौस त्यानंतर. दारात दिव्यांच्या माळेचा प्लास्टिकचा स्टार पहिल्यांदा लागला तेव्हा सर्वांत जास्त आनंद आजीलाच झाला. खळ नाही, मोरचूद नाही, दवाने भिजत नाही. ती दोन वर्षं त्या स्टारकडे कौतुकाने बघत होती. तिसऱ्या वर्षी त्याचे दिवे अर्धे गेले. तो उघडून दुरुस्त करावा तर आत करण्यासारखं काही नव्हतंच. तिने तो शांतपणे भंगारवाल्याला दिला आणि माळ्याकडे बोट दाखवलं.

झाड म्हणजे सुरूची फांदी. आमच्या किनाऱ्यावर, भुईगाव, कळंब, राजोडीकडे, सुरूच्या बागा आहेत. वाऱ्याने मोडलेली फांदी मातीच्या कुंडीत रोवली की झालं. ख्रिस्ती धर्म आमच्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतल्यावर पोर्तुगीज गेले. नाताळच्या झाडाची चाल मात्र जर्मनांची, एकोणिसाव्या शतकात जगभर पसरलेली. त्यामुळे आमच्या जुन्या पिढीला झाडाचं तेवढं अप्रूप नाही. आजी त्याला ‘मुलांचा कोपरा’ म्हणायची.

त्या कोपऱ्यात जे लटकायचं त्याची यादी आज वाचली तर भंगाराची वाटेल. फ्यूज झालेले बल्ब, ऑइलपेंटने रंगवलेले. सिगारेटच्या पाकिटातली चांदी नखाने गुळगुळीत करून गुंडाळलेल्या काडेपेट्या. सोनेरी रंगात बुडवलेली सुरूचीच बोंडं. आखातातल्या नातलगांकडून आलेल्या ग्रीटिंग कार्डांतून कापलेले देवदूत, ज्यांच्या पाठीवर अर्धवट ‘तुमचा लाडका’ वगैरे अक्षरं असायची.

आणि अंडी. नाताळच्या केकला डझनांनी अंडी लागत. ती फोडण्याऐवजी आई दोन्ही टोकांना जाड सुईने भोक पाडून द्यायची आणि आम्ही फुंकून आतलं सगळं भांड्यात काढायचो. गाल दुखायचे. वरचं भोक लहान, खालचं थोडं मोठं, आणि फुंकण्याआधी आत सुई फिरवून पिवळा बलक फोडायचा, म्हणजे तो अडकत नाही. टरफलं धुऊन, उन्हात वाळवून, वरून दोरा ओवून झाडाला. माझा मोठा भाऊ त्यांच्यावर तोंडं काढायचा. शिक्षक, पोस्टमन, आमची माणिकपूरची आत्या. बहुतेक सगळी एकेक करून फुटली. एक उरलं आहे, त्यावर आजोबा आहेत. पांढऱ्या मिशा, काळी टोपी, आणि एक डोळा दुसऱ्यापेक्षा वर. आजोबांचे डोळे तसे नव्हते, अंडं घसरलं म्हणून तसा झाला. पण आता घरातल्या धाकट्यांना आजोबा तसेच ठाऊक आहेत आणि भिंतीवरचा फोटो त्यांना खोटा वाटतो. भाऊ कॅनडात असतो. डिसेंबरात फोन केला की आईच्या तब्येतीच्या आधी विचारतो, “आजोबा फुटले का?”

खऱ्या काचेचा गोळा आमच्या झाडावर एकच होता. मावशीनेच आणलेला, लाल, आतून आरशासारखा. तो इतका जपला जायचा की सगळ्यांत वरच्या फांदीला, मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी असायचा. मला तो परका वाटायचा. कोणी केला, कुठे केला, काहीच माहीत नाही. फार पुढे लाउशाची माहिती मिळाली. जर्मनीत थुरिंगियाच्या जंगलातलं हे काचफुंक्यांचं गाव. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तिथे घराघरांत नाताळचे काचेचे गोळे व्हायचे. दिव्याच्या ज्योतीवर पुरुष काच फुंकणार, बायका आत चांदीचं द्रावण घोळवून गोळ्याला झळाळी आणणार, रंगवणार, मुलं टोपण बसवणार. १८८० च्या दशकात वुलवर्थ नावाच्या अमेरिकन दुकानदाराने तो माल अमेरिकेत नेला आणि भरमसाट विकला. मुलं शाळेतून आली की टोपणं बसवायची, हे वाचल्यावर मला आमची पडवी दिसली. तिथेही कोणीतरी मुलांवर ओरडत असणार. आज जगातल्या नाताळच्या सजावटीचा फार मोठा वाटा चीनमधल्या यीवू शहरातून जातो. तिथल्या कामगारांच्या घरी नाताळ नसतो. पण बोटांना लाल रंग लागायचा तो लागतोच.

काही वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका हस्तकला प्रदर्शनात काश्मिरी कारागिराच्या गाळ्यावर कागदाच्या लगद्याचे नाताळचे गोळे दिसले. श्रीनगरमध्ये हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालतं. साख्तसाज कागद भिजवून, कुटून, भाताच्या खळीत मळून साच्यावर चढवतो. वाळल्यावर घासून गुळगुळीत झाला की तो नक्काशाकडे जातो. मग बारीक कुंचल्याने चिनाराची पानं, बुलबुल, सोनेरी वेलबुट्टी, वर रोगण. मुस्लिम घरांत होणाऱ्या या कामाचा मोठा भाग युरोप-अमेरिकेतल्या नाताळसाठी जातो. गाळ्यावरच्या चाचांना मी विचारलं, “खळीला कीड लागत नाही का?” ते हसले आणि म्हणाले, “बेटा, आम्हीही मोरचूदच घालतो.” मी एक गोळा घेतला. घासाघीस केली नाही, आणि मी घासाघीस न करणं ही आमच्या घरात बातमी आहे.

पण सजावटीचं खरं राज्य गोठ्याचं, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याचं. १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावी असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी गवताने भरलेली गव्हाण मांडली, जिवंत बैल आणि गाढव आणून उभे केले आणि तिथे मिस्सा, म्हणजे चर्चची सामूहिक प्रार्थना, झाली. आठशे वर्षांत ते गाढव आणि तो बैल कुठे कुठे चालत गेले! आमच्या गोठ्यातला बैल पोळ्याचा आहे. नाशिकला नोकरीला असलेल्या काकांनी तिथल्या बाजारातून मातीची जोडी आणली होती. एक बैल वाटेत एसटीत फुटला. उरलेल्याची शिंगं हिंगुळी रंगाची, पाठीवर झूल, कपाळाला बाशिंग. हा असा नटलेला बैल बाळ येशूच्या डोक्यावर श्वास सोडत उभा असतो आणि शेजारी प्लास्टरचं इटालियन चेहऱ्याचं गाढव. बैल गाढवाच्या निम्म्या उंचीचा. मेंढ्या त्याहून मोठ्या. प्रमाणाची चिंता आमच्याकडे कोणी केलेली नाही, गणित शिकवणाऱ्या बाबांनीसुद्धा नाही.

नाताळच्या आठ-दहा दिवस आधी नारळाच्या करवंट्यांत नाचणी पेरायची. सणाला हिरवीगार बोटभर उंच होते, ती गोठ्यापुढचं शेत. घटस्थापनेचं धान ज्यांनी वाढवलं आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. हातआरशाचं तळं, रंगवलेल्या भुशाचा रस्ता, आणि छपरावर कापूस. हा कापूस म्हणजे बर्फ. वसईत, जिथे डिसेंबरातही दुपारी पंखा लागतो, तिथे केळीच्या सोपटांनी शाकारलेल्या गोठ्यावर बर्फ पडलेला. लहानपणी एकालाही यात काही खटकलं नाही. मधल्या काळात थर्मोकोलचं पेव फुटलं. गावागावातल्या गोठ्यांच्या स्पर्धांत थर्मोकोलचे डोंगर, राजवाडे, धबधबे. मार्च २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकबरोबर सजावटीच्या थर्मोकोलवरही बंदी आली तेव्हा मंडळांची पोरं कुरकुरली. त्याच डिसेंबरात पेंढा मागत दारोदार फिरली. शेती विकून इमारती उभ्या केलेल्या गावात पेंढा शोधणं हा त्या वर्षीचा खरा देखावा होता.

गव्हाण मध्यरात्रीच्या मिस्सेपर्यंत रिकामी ठेवायची. मिस्सेहून आल्यावर घरातल्या सर्वांत लहानाने बाळ येशूला ठेवायचं. तीन राजे मात्र सुरुवातीला गोठ्यात नसतात. ते समोरच्या कपाटावर, रेडिओशेजारी. रोज थोडे थोडे पुढे सरकतात, टेबलावर, खिडकीत, मोड्यावर, आणि सहा जानेवारीला पोचतात. सरकवायचं काम आईचं आणि ती ते कोणी बघत नसताना करते. लहानपणी राजे रात्री चालतात यावर माझा ठाम विश्वास होता.

आणि एक मेंढपाळ आहे, तो मावळा आहे. आमच्या शेजारी राहणारा मुलगा दिवाळीत अंगणात किल्ला करायचा. आम्ही माती कालवायला जायचो, तो डिसेंबरात खळ ढवळायला यायचा. एका वर्षी आमचा मेंढपाळ मांजराने पाडला. तो मुलगा घरी गेला आणि किल्ल्यावरचा एक मावळा घेऊन आला, लाल पगडी, पिवळा अंगरखा. हातात तलवार होती. बाळ येशूसमोर तलवार कशी, म्हणून आजीने ती खटकन मोडली आणि मुठीत झाडूची काडी खोचली. झाला मेंढपाळ. गोठे बघायला आलेल्या फादरांनी त्याच्याकडे वाकून बरंच बघितलं होतं आणि काही बोलले नव्हते. त्या वर्षी स्पर्धेत आमचा नंबर आला नाही, पण तो कधीच येत नसे.

तो शेजारी आता ठाण्याला असतो. मागच्या नाताळात मुलाला घेऊन आला. पोरगा सात-आठ वर्षांचा. गोठ्यापुढे उकिडवा बसला आणि त्याने क्षणात ओळखलं. “बाबा, हा तर मावळा आहे. याची तलवार कुठे आहे?” बापाने सगळी कहाणी सांगितली. पोराने ती नीट ऐकून घेतली आणि मग माझ्या आईला म्हणाला, “आजी, म्हणजे हा आमचाच आहे ना? दिवाळीला किल्ल्यासाठी द्याल?” आई माझ्याकडे बघायला लागली. शेवटी ठरलं ते असं, की दिवाळीत मावळा ठाण्याला जाईल आणि पहिल्या डिसेंबरला परत येईल, झाडूच्या काडीसकट. नेण्या-आणण्याचा खर्च त्यांचा. भावाला हे कळवलं तर तो कॅनडातून ओरडला, की लेखी घ्या.